नॅशनल म्हणजे मोठं, असं नसतंय ताई

बारावीचे निकाल लागले की या सदराकडं पत्रांचा ढीग येतो, ते दरवर्षीचंच आहे. पण यंदा निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आलीत, ऑनलाइन शिकलेलं दुसरीकडं चालतंय का. त्यातली चार इथं घेतलीत. पहिल्याला जागा जास्त दिलीय, कारण त्यात जो घोळ झालाय तो मी गेल्या काही वर्षांत इतक्या घरांत बघितलाय की एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी दोन वर्षं झाली घरी बसून अमेरिकेतल्या एका ऑनलाइन कॉलेजमधून बिझनेसचं शिकतेय. मिस्टर गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहेत, फी भरताना पीएफमधून पैसे काढलेत. तिचे ४५ क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांपोटी जमा होणारे अंक, झाले. माझी बहीण ओहायोत असते, म्हणून आम्ही ठरवलं की उरलेली दोन वर्षं तिनं तिथं जाऊन सरकारी युनिव्हर्सिटीत करायची. तर त्या युनिव्हर्सिटीनं मेलला उत्तर दिलं की तुमचं कॉलेज नॅशनली अ‍ॅक्रेडिटेड आहे, आम्ही फक्त रीजनली अ‍ॅक्रेडिटेड कॉलेजचे क्रेडिट घेतो. आम्ही तर नॅशनल बघूनच अ‍ॅडमिशन घेतलं होतं, सगळ्या देशात चालेल म्हणून! हे असं उलटं कसं काय? आणि आता दोन वर्षं वाया गेली का? – एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, आधी एक सांगते, वाचण्यात तुमची चूक नाही. आपल्या कानाला नॅशनल शब्द मोठाच वाटणार. तालुक्याचं मैदान मारलेल्या पैलवानापेक्षा नॅशनल खेळून आलेला पैलवान मोठा, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. पण अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बाबतीत हे शब्द नेमके उलटे पडलेत, आणि त्याचं कारण जुनं आहे.

तिकडं आपल्या नॅकसारखी एकच संस्था सगळ्यांना तपासते असं नाही. कॉलेज तपासून मान्यता द्यायचं, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशनचं, काम खासगी, ना-नफा संस्था करतात आणि त्या संस्था भरवशाच्या आहेत का हे केंद्राचं शिक्षण खातं बघतं. १८८५ साली न्यू इंग्लंडमध्ये, १८८७ साली मिडल स्टेट्समध्ये, मग १८९५ ला दक्षिणेत आणि उत्तर-मध्य भागात, अशा तिथल्या जुन्या शाळा-कॉलेजांनी आपापल्या भागापुरत्या संघटना काढल्या, म्हणून त्यांचं नाव रीजनल. हार्वर्ड, येल सुद्धा त्याच रीजनलमध्ये येतात आणि तुमच्या बहिणीच्या ओहायोतल्या सरकारी युनिव्हर्सिट्या हायर लर्निंग कमिशन नावाच्या रीजनल संस्थेकडं असतात. नॅशनलवाल्या संस्था नंतर आल्या, आणि त्यांच्याकडं कोण गेलं तर टपालानं शिकवणारी विद्यालयं, टेक्निकल आणि धंद्याचं शिक्षण देणारी, काही धार्मिक कॉलेजं. ऑनलाइन कॉलेजांना मान्यता देणारी डीईएसी ही मोठी नॅशनल संस्था, ती १९२६ साली घरबसल्या टपालानं शिकवणाऱ्यांची संघटना म्हणूनच निघाली. म्हणजे नॅशनल मान्यता खोटी नाही, सरकारमान्यच आहे, हे मुलीला नक्की सांगा, नाहीतर ती उगाच आपण फसवलो गेलो म्हणून खचेल. फक्त जुन्या युनिव्हर्सिट्यांना वाटत आलंय की तिथला अभ्यास नोकरीपुरता असतो, आपल्या डिग्रीच्या अभ्यासाशी जुळणारा नसतो, आणि तो समज अजून गेलेला नाही.

आता यात एक नवं वळण आहे, आणि एजंट लोक नेमकं त्याचंच भांडवल करतात. १ जुलै २०२० पासून अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं रीजनल आणि नॅशनल हा फरकच काढून टाकला, खात्याच्या लेखी दोन्ही संस्था आता एकाच दर्जाच्या. हे खरं आहे. मग एजंट म्हणतो, बघा सगळं सारखं झालं, क्रेडिट कुठंही चालतील. हे मात्र खरं नाही. कारण क्रेडिट घ्यायचे का नाही हे खातं ठरवत नाही, मान्यता देणारी संस्थाही ठरवत नाही, ज्या कॉलेजात तुम्ही जाणार ते कॉलेज ठरवतं. आपल्याकडं दुसऱ्या राज्याच्या बोर्डाचा मुलगा शिवाजी विद्यापीठात आला की त्याला एलिजिबिलिटी काढावी लागते ना, त्याचं बोर्ड सरकारमान्य असतं तरी कागद इथल्या टेबलावरूनच पुढं सरकतो, तसंच समजा. तिकडच्या मोठ्या शैक्षणिक संघटनांनी मिळून एक निवेदनही काढलंय की फक्त मान्यता कुणाची आहे एवढ्यावरून क्रेडिट नाकारू नका, अभ्यास काय झालाय तेही बघा. पण ते निवेदन आहे, सक्ती नाही. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांच्या नियमात ‘रीजनल’ शब्द अजून तसाच आहे, आणि तुम्हाला आलेला मेल त्याच नियमातून आलाय.

वाया गेलं का, हे विचारलंय. सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही, म्हणून एक प्रत्यक्ष बघितलेलं सांगते.

कागलचा एक मुलगा प्लास्टिकच्या फोल्डरात ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजनं दिलेला विषय-मार्कांचा उतारा, घेऊन आला होता, त्याचेही ४५ क्रेडिट, तुमच्या मुलीसारखेच. पहिल्या युनिव्हर्सिटीनं सरसकट नाही म्हटलं. दुसरीनं विषयवार बघू म्हटलं आणि महिन्याभरानं त्यांचा तक्ता आला, एका पानाचा, दहा ओळी. आम्ही दोघं पेन्सिल घेऊन एकेक ओळ बघत बसलो. पहिली गोष्ट दिसली ती ही की वर ३० लिहिलं होतं, ४५ नाहीच. त्याचं कॉलेज वर्षाचे तीन-चार भाग पाडून चालायचं, त्याला क्वार्टर म्हणतात, आणि दीड क्वार्टर क्रेडिटचा एक सेमिस्टर क्रेडिट होतो. म्हणजे एकही विषय नाकारायच्या आधीच ४५ चे ३० झाले होते, आणि हे त्या पोराला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मग इंग्लिश कॉम्पोझिशन – घेतलं, ३. स्टॅटिस्टिक्स – घेतलं, ३. त्याखाली मॅनेजमेंटचे तीन विषय, तिघांपुढं ‘इलेक्टिव्ह’. उरलेल्या पाच ओळींपुढं शून्य. त्यातल्या अकाउंटिंगला त्याला सी मायनस होता आणि सी च्या खालचं त्यांच्याकडं घेतच नाहीत. आता इलेक्टिव्ह म्हणजे काय झालं, क्रेडिट तर मिळाले, ९ मिळाले, पण ते डिग्रीच्या सक्तीच्या विषयांत धरले जात नाहीत, रिकाम्या जागेत बसतात, आणि त्याच्या कोर्सला तशी जागा ६ क्रेडिटचीच होती. तो पोरगा त्या कागदाकडं बघून म्हणाला, मॅडम, म्हणजे माझं इंग्लिश आणि स्टॅटच तेवढं शिकणं होतं होय. मला त्यावेळी काही बोलता आलं नाही. त्याच्या कॉलेजनं अ‍ॅडमिशनच्या वेळी ‘ट्रान्सफरेबल क्रेडिट्स’ असं ठळक अक्षरात छापलं होतं, त्या कॉलेजचं नाव इथं घेत नाही, पण ते शब्द बघितले की मला अजून राग येतो.

म्हणून ताई, तीन प्रश्न वेगळे ठेवा. क्रेडिट घेतले का हा एक, किती धरले हा दुसरा, आणि डिग्रीच्या कामाला किती आले हा तिसरा. खरा हिशेब तिसऱ्याचा. आणि हे फक्त नॅशनलवाल्यांचंच होतं असंही नाही, तिकडं संसदेला अहवाल देणारं गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस आहे, त्यांच्या २०१७ च्या रिपोर्टात २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या मुलांचे अंदाजे ४३ टक्के क्रेडिट गळाले असं आलंय. अमेरिकेतल्या अमेरिकेत, त्यांच्याच मुलांचे.

आता काय करायचं. पुढच्या टर्मची फी भरायची असेल तर ती आज थांबवा, निदान हे सगळं कळेपर्यंत. मग मुलीला सांगा, झालेल्या प्रत्येक विषयाचा सिलॅबस डाउनलोड करून ठेव, आठवडावार काय शिकवलं, पुस्तक कुठलं, परीक्षा कशी, शिकवणाऱ्याची डिग्री काय, सगळं. लॉगिन बंद झालं की हे मिळत नाही आणि विषयवार तपासणीत नेमकं हेच मागतात. नावाला एकसारखा विषय असला तरी सिलॅबस जुळला नाही की तो इलेक्टिव्हमध्ये ढकलतात, म्हणून हा कागद सोन्यासारखा जपा.

त्यानंतर एकाच युनिव्हर्सिटीच्या नकारावर बसू नका. ओहायोत आणि शेजारच्या राज्यांत मिळून आठ-दहा कॉलेजांच्या रजिस्ट्रार ऑफिसला मेल करा, अ‍ॅडमिशनवाल्यांना नको, ते गोड बोलतात, क्रेडिटचा निर्णय रजिस्ट्रारकडं किंवा ट्रान्सफर इव्हॅल्युएशनवाल्यांकडं असतो. मेलमध्ये गोल गोल विचारायचं नाही. कॉलेजचं नाव, मान्यता कुणाची, क्रेडिट सेमिस्टरचे का क्वार्टरचे, हे लिहायचं आणि विचारायचं की तुम्ही या कॉलेजचे क्रेडिट विषयवार तपासता का, आणि तपासत असाल तर माझ्या अमुक डिग्रीच्या सक्तीच्या विषयांत त्यातले कुठले धराल. तुमच्या मुलीच्या कॉलेजचा कुणाशी लेखी करार आहे का तेही तिच्याच कॉलेजला विचारा, त्याला आर्टिक्युलेशन अ‍ॅग्रीमेंट म्हणतात, असा करार असलेल्या ठिकाणी बोलणी बरीच सोपी होतात. फोनवर कुणी हो म्हटलं तर त्याला काडीची किंमत नाही, मेलवर घ्या.

आणखी एक वाट आहे. काही विषय परीक्षा देऊन सोडवता येतात. कॉलेज बोर्डाच्या सीएलईपी नावाच्या परीक्षा असतात, तिथली बरीच कॉलेजं त्याचे क्रेडिट देतात, आणि मुलीचा तो विषय एकदा झालेलाच आहे तर तयारी थोडीच करावी लागेल. पण ज्या कॉलेजात जायचं ते कुठली परीक्षा किती मार्कांना धरतं हे आधी बघायचं, इथंही तोच नियम.

काही सूचना घाईघाईत देते कारण जागा संपत आलीय. तिकडं बॅचलरला साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट लागतात आणि त्यातले बहुतेक ठिकाणी निदान ३० त्यांच्याच कॉलेजात करावे लागतात, म्हणजे बाहेरून कितीही आणले तरी वर्षभर तरी तिथं काढावंच लागणार. ट्रान्सक्रिप्ट तुम्ही पाठवलेला चालत नाही, कॉलेजकडून थेट जावा लागतो. अमेरिकेतल्या कॉलेजचा ट्रान्सक्रिप्ट अमेरिकेतल्याच कॉलेजला द्यायला डब्ल्यूईएस, म्हणजे त्या नावाच्या संस्थेकडून शिक्षण तपासून घेणं, करावं लागत नाही, ते बाहेरच्या देशातल्या शिक्षणासाठी असतं, तरी राजारामपुरीतच एका बाईंकडून एजंटनं त्याचे पैसे घेतलेले मला माहीत आहे. आणि तिथं एफ-१ म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर गेल्यावर एका टर्मला एकच ऑनलाइन विषय फुलटाइम शिक्षणात धरतात, त्यामुळं जुन्या कॉलेजचं ऑनलाइन चालू ठेवून दोन्हीकडून क्रेडिट मिळवू असा बेत असेल तर तो सोडा.

सगळं करून जर दिसलं की ३० च्या वर काही हाती लागत नाही, तर तिच्या आत्ताच्याच कॉलेजात डिग्री पूर्ण करून मग मास्टर्सला तिकडं जायचं का, हाही विचार करा. मात्र तिथंही काही युनिव्हर्सिट्या मास्टर्ससाठी रीजनल मान्यतेची डिग्री मागतात, म्हणून ते पाऊल टाकायच्या आधी पुन्हा तसाच मेल. मुलीला रागावू नका हो. तिनं दोन वर्षं रात्री जागून तिकडच्या वेळेला परीक्षा दिल्यात, ते शिक्षण तिच्या डोक्यात आहेच.

प्रश्न : मी मंगळवार पेठेत राहतो, वय २३. बीकॉम मध्येच सोडलं. आता युनिव्हर्सिटी ऑफ द पीपलमधून कॉम्प्युटर सायन्स करतोय, कारण फी परवडते. मित्र म्हणतात ते नॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन आहे, उपयोग नाही. आणि पुढं एमपीएससी द्यायची झाली तर ही डिग्री चालेल का?

उत्तर : तुझ्या मित्रांची माहिती जुनी आहे. ही युनिव्हर्सिटी २००९ ला सुरू झाली, २०१४ ला तिला डीईएसीची म्हणजे नॅशनल मान्यता मिळाली आणि २०२५ मध्ये तिला वेस्टर्न भागाच्या रीजनल कमिशनचीही मान्यता मिळाली. त्यामुळं अमेरिकेत दुसरीकडं जायचं झालं तर तुझी बाजू आधीपेक्षा पुष्कळ बरी आहे. फक्त तू रीजनल मान्यतेच्या आधी काही विषय केले असशील तर काही कॉलेजं त्या वेळची मान्यता बघतात, म्हणून तारखांसकट विचारून घे. या एका उदाहरणात बघ, कॉलेज तेच, अभ्यास जवळपास तोच, पण कागदावरचं कमिशन बदललं की दारं उघडतात.

एमपीएससीचं मात्र वेगळं आहे आणि इथं मी तुला गोड बोलणार नाही. सरकारी नोकरीला भारतातल्या कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाची पदवी लागते, नाहीतर तिला समकक्ष मान्यता असलेली. परदेशी पदवीची समकक्षता इतकी वर्षं एआययू म्हणजे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज बघत आलीय आणि २०२५ मध्ये यूजीसीनं त्यासाठी स्वतःचे नवे नियम काढलेत. घरी बसून पूर्ण ऑनलाइन केलेल्या परदेशी पदवीला इथं समकक्षता मिळवणं हे अवघड प्रकरण आहे, अमेरिकेतली मान्यता कितीही चांगली असली तरी. तिकडची मान्यता आणि इकडची समकक्षता ही दोन वेगळी कुलपं आहेत, एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. प्रायव्हेट आयटी कंपनीत तुझं काम बघतील, तिथं ही डिग्री उपयोगाची आहे. पण एमपीएससी खरंच डोक्यात असेल तर सोबतीनं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची किंवा इग्नूची किंवा आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणाची, यूजीसीच्या यादीत असलेली एखादी पदवी घे. यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या संस्थांची दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. बीकॉमचं तुझं जे झालंय ते त्यांच्याकडं धरतात का हेही विचार, विचारायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मी गडहिंग्लजच्या कॉलेजात बीएससीला आहे. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर बारा आठवड्यांचा कोर्स केला, परीक्षा दिली, सर्टिफिकेट आलं, आणि आता कॉलेज म्हणतंय की याचे क्रेडिट लागणार नाहीत. मग सरकार कशाला म्हणतंय की स्वयमचे क्रेडिट ट्रान्सफर होतात?

उत्तर : सरकार म्हणतं ते बरोबर आहे आणि कॉलेज म्हणतंय तेही बरोबर असू शकतं, राग येईल पण ऐक. २०१६ ला यूजीसीनं स्वयमचे क्रेडिट घ्यायची सोय केली तेव्हा मर्यादा २० टक्के होती, २०२१ ला ती एका सेमिस्टरमधल्या विषयांच्या ४० टक्क्यांपर्यंत नेली. पण कुठला कोर्स कुठल्या विषयाच्या जागी धरायचा हे विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं, आणि ते सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी ठरावं लागतं. तू आधी कोर्स केलास आणि मग विचारलंस, बहुतेक ठिकाणी याच्यावरच घोडं अडतं. कॉलेजात स्वयमचे समन्वयक सर किंवा मॅडम असतात, त्यांच्याकडं लेखी अर्ज दे, कोर्सचा सिलॅबस जोड आणि तुझ्या अभ्यासक्रमातल्या कुठल्या विषयाशी जुळतो ते दाखव, कदाचित पुढच्या सेमिस्टरच्या इलेक्टिव्हमध्ये बसवता येईल. नाहीच जमलं तर पुढचा कोर्स निवडायच्या आधी सही घे.

आणि अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं अकाउंट उघडलंस का? २०२१ पासून ही सोय आहे, डिजिलॉकरमधून उघडतं, यात क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात आणि कॉलेज बदललं तरी सोबत नेता येतात, फक्त जिथून डिग्री घेणार तिथले निदान निम्मे क्रेडिट हवेत. उघडताना आधारवरचं नाव आणि मार्कलिस्टवरचं नाव एकच आहे का ते बघ. एकीकडं वडिलांचं नाव मध्ये आणि दुसरीकडं आडनाव आधी, एवढ्यावरून मुलांची अकाउंट अडकलेली मी बघितलीत आणि मग ऐन परीक्षेच्या वेळी सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहावं लागतं. एक विसरू नको, या बँकेत भारतातल्या नोंदणी केलेल्या संस्थांचेच क्रेडिट येतात, वरच्या पत्रातल्या ताईंच्या मुलीसारखे परदेशी ऑनलाइन कॉलेजचे त्यात भरता येत नाहीत. भारतीय आणि परदेशी विद्यापीठांनी मिळून चालवायच्या डिग्रीचे २०२२ चे वेगळे नियम आहेत, पण तेही ऑनलाइन कोर्सना लागू नाहीत.

प्रश्न : मी इचलकरंजीचा, यंत्रमागाचा धंदा. मुलाला एका माणसानं सांगितलंय की साठ हजारात सहा महिन्यांत अमेरिकेची बीबीए, आधीच्या कामाच्या अनुभवाचे क्रेडिट धरतात म्हणे, ‘इंटरनॅशनली अ‍ॅक्रेडिटेड’ आहे आणि पुढं कुठंही ट्रान्सफर होतंय. पाच हजार बुकिंगचे दिलेत. काय करू?

उत्तर : दादा, पुढचे पंचावन्न देऊ नका, हे आधी. अमेरिकेच्या मान्यतेत इंटरनॅशनली अ‍ॅक्रेडिटेड असा प्रकारच नाही. मान्यता असते ती नाव असलेल्या संस्थेची, आणि ती संस्था तिथल्या शिक्षण खात्याच्या किंवा सीएचईए या परिषदेच्या यादीत सापडली पाहिजे. दोन्ही याद्या फुकट बघता येतात, शिक्षण खात्याच्या यादीला डीएपीआयपी म्हणतात. मुलाला मोबाइलवर तुमच्यासमोर त्या कॉलेजचं नाव टाकायला सांगा, आणि मग जिनं मान्यता दिलीय म्हणतात त्या संस्थेचंही नाव टाका, कारण खोटी कॉलेजं मान्यता देणाऱ्या खोट्या संस्थाही स्वतःच काढतात. २०१५ साली कराचीतल्या अ‍ॅक्झॅक्ट नावाच्या कंपनीचं असंच प्रकरण जगभर गाजलं, कॉलेजं खोटी, शिक्षक म्हणून लावलेले फोटो दुसऱ्यांचेच, मान्यता देणाऱ्या संस्थाही त्यांच्याच.

कामाच्या अनुभवाचे क्रेडिट ही गोष्ट खरी असते, पण खऱ्या कॉलेजात त्यासाठी पुरावे, परीक्षा, लेखी काम द्यावं लागतं आणि त्याला मर्यादा असते. अख्खी डिग्री अनुभवावर कुणी देत नाही.

आणि मान्यता खरी निघाली तरी लगेच सुटलो असं समजू नका. आयटीटी टेक म्हणून तिकडं मोठी संस्था होती, १३० च्या वर कॅम्पस, मान्यता खरी, नॅशनल. २०१६ च्या सप्टेंबरात एका झटक्यात बंद पडली आणि मुलं क्रेडिट घेऊन दारोदार फिरली, बरीच कॉलेजं घ्यायला तयार नव्हती. तिला मान्यता देणाऱ्या एसीआयसीएस या संस्थेची स्वतःची मान्यताही पुढं २०२२ मध्ये कायमची गेली. यूजीसीनंही २०२३ च्या डिसेंबरात सगळ्यांना सावध केलंय की कॉलेजं आणि ऑनलाइन शिकवणाऱ्या एडटेक कंपन्या परदेशी विद्यापीठांशी परस्पर हातमिळवणी करून ज्या ऑनलाइन पदव्या देतात त्यांना इथं मान्यता नाही.

त्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न लिहून पाठवा, कॉलेजचं पूर्ण नाव आणि मान्यता देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव द्या. फोनवर नको, लिहूनच. उत्तर नाही आलं, किंवा आलेलं नाव यादीत सापडलं नाही, तर पाच हजाराची पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि सगळे मेसेज जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच दिवशी तक्रार करा, आठवडा जाऊ देऊ नका. मुलाला कमी बोला, त्याला डिग्री पाहिजेच आहे ही चांगलीच गोष्ट आहे. त्याला घेऊन एकदा यशवंतराव चव्हाणच्या अभ्यासकेंद्रावर जाऊन या, माग सांभाळून होण्यासारखी बीकॉम तिथं आहे.